हळदीच्या सदऱ्याचा दुसरा वृत्तांत

नाशिकच्या स्टँडवरून नगरकडे जाणारी सकाळची एस.टी. सुटली, तेव्हा माझ्या अंगात हळदीत रंगवलेला खादीचा सदरा होता आणि निरोप द्यायला आलेल्या माझ्या मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या अंकात काही वर्षांपूर्वी मी या प्रवासाचं जे वर्णन लिहिलं, त्यात हे पाणी वियोगाचं असल्याचं म्हटलं होतं. ते खरं नाही. ते सदऱ्यामुळे आलं होतं.

त्या लेखाचं नाव होतं 'निसर्गस्नेही वेशात प्रवास'. मंडळात त्याचं जाहीर वाचन झालं. एका शाळेने मला त्यावर बोलायला बोलावलं आणि शाल दिली. शाल नायलॉनची निघाली, पण ते असो. त्या लेखातली गावं, रस्ते आणि जेवण एवढं बरोबर आहे. बाकी बरंच दुरुस्त करायला हवं. विशेषतः त्यातलं एक वाक्य मला अलीकडे जेवतानासुद्धा टोचतं. ते योग्य ठिकाणी येईलच. म्हणून तोच प्रवास पुन्हा लिहितो आहे. ज्यांनी जुना अंक जपून ठेवला असेल त्यांनी तो कृपया रद्दीत घालावा.

निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी लागतं. कुणाला भजन लागतं, कुणाला पत्ते लागतात. मला पर्यावरण लागलं. एका व्याख्यानात ऐकलं की टेरिकॉट आणि नायलॉन म्हणजे खनिज तेलाचेच धागे, मातीत पुरले तरी कुजत नाहीत. झालं! घरी आलो आणि जाहीर केलं की यापुढे प्रवासात तरी आपण मातीला चालतील असेच कपडे घालायचे. सुताचे, हातमागाचे, झाडापाल्याने रंगवलेले.

"मातीला चालतील, पण माणसांना चालायला नकोत का?" असं आमची सौभाग्यवती, म्हणजे सुशीला, तेव्हाच म्हणाली होती. पहिल्या लेखात तिचं हे वाक्य मी गाळलं.

मी स्वतः रंगकाम केलं. माझ्या सदऱ्यासाठी हळद आणि तुरटी. सुशीलाच्या सुती लुगड्यासाठी डाळिंबाच्या साली, त्या लोखंडी कढईत उकळलेल्या. सदरा पिवळाजर्द झाला. लुगडं हिरवं व्हायला हवं होतं, ते कढईच्या लोखंडामुळे चिखलाच्या रंगाचं झालं. न्हाणीघराची फरशी मात्र दोन्ही रंगांची झाली आणि अजून आहे.

आता प्रवासाचं कारण. आमच्या मंजूला कोल्हारचं स्थळ आलं होतं. मुलगा सुरेश, शेतीची पदवी घेतलेला, राहुरीला बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरीला. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं आणि दोघंही त्या दिवसापासून उगाचच हसत होती. मुलाच्या वडिलांची, अण्णांची, हरकत नव्हती. अडलं होतं ते सुरेशच्या आजीपाशी. घरात शब्द तिचा. आणि तिच्या कानावर गेलं होतं की नाशिकचे मास्तर देव मानत नाहीत, नवससायासांवर वर्गात भाषणं देत. 'आसल्या घरची पोरगी आपल्या देवघरात दिवा लावंल का?' असा तिचा प्रश्न होता. म्हणून आम्ही घर बघायला जायचं, असं निमित्त काढलं होतं. खरं म्हणजे घराने आम्हाला बघायचं होतं.

मंजूने आदल्या दिवशी माझा टेरिकॉटचा सफारी इस्त्री करून खुर्चीवर ठेवला. म्हणाली, "बाबा, दोनच गोष्टी मागते. हा घाला, आणि तिथे भाषण करू नका." मी दुसरी गोष्ट मान्य केली. सफारी खुर्चीवरच राहिला. निदान मला तसं वाटलं.

सिन्नर सुटेपर्यंत प्रवास सुखाचा झाला. मी डाव्या बाजूला एका फेटेवाल्या बाबांच्या शेजारी, आणि सुशीला पुढे बायकांच्या बाकावर. मग कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि माझ्यापाशी थबकला.

"बाबा, हळद कधी लागली?"

मी म्हणालो, "ही हळद रंगाची आहे. लग्नाची नाही."

"रंगाचीच आसती हो हळद. पन लागल्यावर शीव वलांडत न्हाईत. करवली कुठंय?"

सगळी गाडी मागे वळून बघू लागली. हळद लागलेल्या नवरदेवाने एकट्याने गावाबाहेर पडू नये, अशी आपल्याकडे रीत. माझं वय बघता मी गाव सोडून पळत असणार याबद्दल गाडीत एकमत झालं. सुशीलाच्या शेजारणीने तिला विचारलं, "मावशी, तुमी वऱ्हाडातल्या का वं?"

"नाही," सुशीला शांतपणे म्हणाली, "मी पळालेल्याला धरून न्यायला आलेय."

गाडी शिर्डीपर्यंत हसत होती. पहिल्या लेखात मी लिहिलं होतं, 'सहप्रवाशांनी माझ्या वेशाबद्दल कुतूहलाने चौकशी केली.'

राहात्याला खिडकीतून पेरूच्या टोपल्या आत आल्या. असा पेरू मी दुसरीकडे खाल्लेला नाही. दात लावला की आधी वास येतो आणि मग गोडी. थंडी सरत आली होती. रस्त्याने उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती आणि कारखान्यांच्या मळीचा (गूळ करपल्यासारखा, अंगात भिनणारा) वास गाडीत शिरत होता. शेजारच्या फेटेवाल्यांनी डबी काढली, तंबाखू घेतली, चुन्यात बोट घातलं. तेवढ्यात ड्रायव्हरने एका बैलगाडीसाठी ब्रेक मारला. चुन्याची डबी माझ्या छातीवर उपडी झाली.

चुना पांढरा असतो. माझ्या छातीवर मात्र बघता बघता तांबडा भडक डाग उमटला. मी ओल्या रुमालाने पुसायला गेलो तसा तो ओघळत पोटापर्यंत आला.

"आगं बया, रगत!" मागून एक बाई किंचाळली.

"म्या न्हाई! म्या काय बी केलं न्हाई!" फेटेवाले दोन्ही हात वर करून उभे राहिले. कंडक्टरने घंटी ओढली, गाडी थांबली. कुणी मला पाणी पाजलं, कुणी झोपवायला बघत होतं. मी ओरडून सांगत होतो की हे रक्त नाही, हळदीला चुना लागला की ती लाल होते. पण जखमी माणूस जेवढा ओरडतो तेवढा तो लोकांना जास्त जखमी वाटतो. शेवटी सुशीला उठून आली, डागाला बोट लावलं आणि स्वतःच्या कपाळावर टेकवलं.

"कुंकू आहे," ती म्हणाली. "चला, सोडा गाडी."

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात लाल होतो आणि लिंबाच्या रसात पुन्हा पिवळा होतो, हा प्रयोग मी दरवर्षी सातवीच्या वर्गात करून दाखवत असे. तोच कागद आपण अंगात घालून निघालो आहोत, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

कोल्हारला उतरलो तेव्हा ठरलेल्या वेळेला बराच अवकाश होता. अण्णांची वस्ती (शेतातलं घर) गावाबाहेर होती आणि तिथून सुरेश जीप घेऊन स्टँडवर येणार होता. पण छातीवर असा डाग घेऊन व्याह्यांच्या दारात कसं जायचं? सुशीलाने कापडी पिशवीत हात घातला आणि तळाशी दाखवलं. घडी घातलेला टेरिकॉटचा सफारी.

"मंजूने दिलाय. बदला. कुणाला कळणार नाही."

इथेच सगळं निभावलं असतं. पण मला ताठा आला. "मुलीचं लग्न मी प्लॅस्टिकच्या धाग्यात ठरवणार नाही," असं मी स्टँडवर उभं राहून, गरजेपेक्षा मोठ्याने म्हणालो. "समोर प्रवरा आहे. डाग धुऊन टाकतो. उन्हात घटकेत वाळेल."

घाटावर गेलो. वर देवीचं देऊळ, खाली नदी, पात्रात मोठाले दगड. बायका धुणं धूत होत्या. सुशीला काठावरच्या दगडावर बसली, पिशवीतून साबणाची वडी काढून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "हे बघा, नदीत उतरू नका. आणि साबण तर मुळीच लावू नका."

मी उतरलो आणि साबण लावला.

पुढचं सांगायला नको. डाग काही गेला नाही, उलट उरलेला सदरा डागाला येऊन मिळाला. बाह्या, पाठ, कॉलर, सगळं कुंकवात बुडवून काढल्यासारखं लालभडक. धोतराच्या निऱ्यांवरून लाल पाणी ओघळत होतं. पहिल्या प्रवासवर्णनात याबद्दल 'प्रवरामाईच्या शीतल जलात स्नान केले' एवढंच आहे.

धुणं धुणाऱ्या बायकांचे हात थांबले. एकीने डोक्यावर पदर घेतला. "आराधी हायती," ती दुसरीला म्हणाली. आराधी म्हणजे देवीच्या नावाने जोगवा मागणारे भक्त. दुसरी थेट पाण्यात आली आणि माझ्या पायांना हात लावून म्हणाली, "माझ्या सुनंचं बी बघा देवा."

"अहो बाई, मी शिक्षक आहे," मी म्हणालो.

"आसू द्या," ती म्हणाली.

तेवढ्यात वरून हाक आली, "मास्तर? मास्तर, तुमी हायसा का?"

देवळाच्या पायऱ्यांवर तिघं उभी होती. पुढे अण्णा, मागे सुरेश, आणि सुरेशच्या हाताला धरून उभी असलेली, ताटात नारळ घेतलेली, काष्टा घातलेली एक बारीकशी म्हातारी. तो शुक्रवार होता. आजी दर शुक्रवारी देवीला येत. आम्हाला स्टँडवर घ्यायला येता येता अण्णांनी त्यांनाही जीपमधून आणलं होतं.

मी गुडघाभर पाण्यात होतो. सदऱ्यातून कुंकू गळत होतं. पायांशी एक बाई होती. मंजूचे पाणावलेले डोळे मला त्या वेळी अगदी स्पष्ट दिसले.

"ह्येच का ते देव न मानणारं मास्तर?" आजींनी विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं. वाक्य तयार होतं: 'हळदीतला रंगद्रव्याचा गुणधर्म असा की...' त्याच्या आतच सुशीला उठली, पदर सावरून दोन पायऱ्या चढली आणि आजींच्या पाया पडली.

"नवस होता, आजी," ती म्हणाली. "पोरीला आलेलं हे स्थळ तिच्या मनासारखं निघालं तर तुमच्या देवीच्या नदीत अंघोळ घडवायची, असा. घरी जाण्याआधी तो फेडला."

मी नवसांवर वर्गात भाषणं दिलेला माणूस. पाण्यात उभा राहिलो आणि मान डोलावली.

आजींनी माझा सदरा वरपासून खालपर्यंत न्याहाळला. मग म्हणाल्या, "कुंकवाच्या वस्त्रानं नवस फेडनारा गडी म्या पयल्यांदा बघितला. या वर. आन् ह्ये वस्त्र आता दिवा लागंस्तवर अंगावरनं काढायचं न्हाई."

म्हणजे सफारीही गेला.

तसाच ओला जीपमध्ये बसलो. वस्तीवर पोचेपर्यंत जीपची सीट लाल झाली. घर ऐसपैस, पुढे ओटा, बाजूला कडब्याची गंजी आणि कडुलिंबाखाली बांधलेली दोन खोंडं. मला ओट्यावर उन्हात, वाळत घातल्यासारखं बसवलं. अण्णा कमी बोलत. ते अधूनमधून माझ्याकडे बघून 'हं' म्हणत. त्या 'हं'मध्ये होकार आहे की शंका, मला कळेना. आजींनी अजून शब्द दिला नव्हता. त्या समोर जपमाळ घेऊन बसल्या होत्या आणि मला विचारत होत्या, "मास्तर, रोज पूजा कोन करतं तुमच्याकडं?"

मी खोटं बोलू शकत नव्हतो. खरं बोललो तर मंजूचं स्थळ गेलं. एवढ्यात सुरेश लिंबाच्या सरबताचा पेला घेऊन आला. गारठलेल्या बोटांनी मी पेला धरला. चार थेंब छातीवर सांडले.

लाल सदऱ्यावर, ऐन मध्यभागी, चार पिवळेधमक ठिपके उमटले.

आजींची जपमाळ थांबली. "सुऱ्या," त्या म्हणाल्या, "बघ रं. मला दिसतंय त्येच दिसतंय का तुला?"

सुरेश खाली वाकला. ठिपके पाहिले, पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो प्रयोगशाळेतला मुलगा. त्याला सगळं कळलं होतं. मलाही कळलं की त्याला कळलंय. विज्ञानाचा एक जुना शिक्षक आणि एक नवा पदवीधर, दोघं एकमेकांच्या डोळ्यांत हळदीच्या कागदाचा प्रयोग बघत होतो.

"व्हय आजी," तो म्हणाला. "हळद उमटलीया."

मी म्हणालो, "त्याचं असं आहे की लिंबामध्ये जे..."

"मामा, अजून घ्या की सरबत!" असं म्हणून त्या गुणी मुलाने माझ्या कोपराला असा काही धक्का दिला की उरलेला पेला सगळा पोटावर गेला. पोट पिवळंजर्द झालं.

आजी उठून उभ्याच राहिल्या. "देवीनं कौल दिला! कुंकवातनं हळद मागतीया! अण्णा, हळदीचा दिस धर!"

अण्णा या वेळी 'हं' म्हणाले नाहीत. ते मोठ्याने हसले आणि त्यांनी मला ओल्या सदऱ्यासकट मिठी मारली. त्यांचा पांढरा शर्टही गेला.

जेवायला शेंगोळे होते (हुलग्याच्या पिठाचे वळून रश्श्यात शिजवलेले झणझणीत वेढे), बाजरीची भाकरी आणि कांदा. घास तोंडात गेला की डोळ्यांत पाणी यायचं आणि तरी हात ताटाकडे जायचा. ताटात लिंबाची फोड होती. आजींनी ती स्वतःच्या हाताने उचलून ठेवली. "आता नगं," म्हणाल्या, "एकदा दिलेला कौल पुन्ना इचारू नये."

निघताना त्यांनी मला बजावलं की असा नवस एकदा फेडून संपत नाही. दर माघात, याच सदऱ्यात, याच घाटावर यायचं. मी होय म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आता ते वाक्य. पहिल्या लेखाच्या शेवटी मी लिहिलं होतं: 'सौ.ने भाबडेपणाने नवसाचे काहीबाही बोलून घोळ घातला होता. परंतु मी नैसर्गिक रंगांचे शास्त्र समजावून सांगितले आणि मंडळींची मने जिंकली.' मंडळात ते वाचलं गेलं तेव्हा टाळ्या पडल्या. सुशीला पहिल्या रांगेत बसली होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "घोळ हा शब्द छान घातलाय."

घोळ माझा होता. मने तिने जिंकली, आणि थोडी सुरेशच्या कोपराने. मंजूचं लग्न झालं, ती देवघरात दिवाही लावते आणि सुरेशबरोबर रोपांची कलमंही करते. हे सगळं उभं आहे ते सुशीलाच्या त्या तीन वाक्यांवर, आणि मी तिला छापील भाबडी ठरवून टाळ्या घेतल्या.

तेव्हापासून दर माघात आम्ही दोघं त्याच गाडीने कोल्हारला जातो. शेजाऱ्यांना मी 'मुलीकडे' असं सांगतो. निघण्याआधी सुशीला सदरा पुन्हा हळदीत बुडवते, घाटावर मी साबण लावतो, ओट्यावर आजी स्वतः लिंबू पिळतात. खादी आता इतकी विरली आहे की उन्हात धरली तर पलीकडचं गाव दिसतं. व्याख्यानात ऐकलेलं सगळं मी विसरलो आहे. पण एकच कपडा इतकी वर्षं नेमाने घातला, यापेक्षा मोठी निसर्गसेवा माझ्या हातून झालेली नाही, आणि तीही एका म्हातारीच्या धाकाने. सफारी मात्र ट्रंकेत अजून नव्यासारखा आहे. त्याला मरण नाही, हाच तर त्याचा दोष.

यंदा परतीच्या गाडीत राहात्याचे पेरू मांडीवर घेऊन मी सुशीलाला सांगितलं की हे सगळं खरंखरं पुन्हा लिहिणार आहे. माझ्यासाठी तिला नवसाचं खोटं बोलावं लागलं, तेसुद्धा लिहिणार आहे आणि त्याची माफीही मागणार आहे.

ती पेरू पुसत होती. "खोटं कुठे बोलले?" ती म्हणाली. "नवस होताच. मीच बोलले होते, मंजूचं स्थळ आलं त्या दिवशी. देवीच्या नदीत ह्यांना अंघोळ घालीन म्हणून."

मांडीवरचे पेरू सावरत मी म्हणालो, "पण तू तर म्हणाली होतीस की नदीत उतरू नका. साबण लावू नका."

"हो," सुशीला म्हणाली. "नाहीतर तुम्ही उतरला असतात का?" आणि तिने पेरूची फोड माझ्या हातावर ठेवली.